मुलतानीची तिसरी प्रत

आबा,

मुलतानीची तिसरी प्रत सापडली. मुरबाडच्या गुरुजींची मुलगी गेल्या महिन्यात शहापूरला आमच्या घरी आली होती, तिने ती माझ्या फोनमध्ये भरून दिली. मी माझ्या हाताने पुसलेल्या कॅसेटवर जे गाणे होते, तेच हे गाणे. तेवीस दिवस ते फोनमध्ये आहे आणि मी ते अजून लावलेले नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, आणि गेलेल्या माणसाला पत्र पोचते असे आपल्या धम्मात कुठेही सांगितलेले नाही, हे मी जाणतो. तरीही एखादी गोष्ट नीट क्रमाने मांडायची तर ती कोणाला तरी उद्देशून मांडावी लागते, आणि या गोष्टीला तुमच्यावाचून दुसरा श्रोता नाही.

तुमचे काम कानाचे होते. घाट चढण्यापूर्वी गाडी कसाऱ्याला थांबे, मागून रेटा द्यायला जादा इंजिने लागत, आणि तेवढ्या वेळात तुम्ही लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्यांखालच्या एकेका चाकावर ठोका मारीत गाडीच्या टोकापर्यंत जात असा. ठोका मारल्यावर तुम्ही क्षणभर मान कलती करून उभे राहात आणि मगच पुढच्या चाकाकडे वळत. चाक धड आहे हे कशावरून कळते, असे मी तुम्हाला एकदा विचारले होते. तुम्ही म्हणालात, "वाजतं किती त्याच्यावर नाय जायचं. वाजून झाल्यावर मागं काय राहातं ते ऐकायचं. धड चाक लगेच गप होत नाय." मी तेव्हा शाळेत होतो आणि हे उत्तर मला अपुरे वाटले होते. पुढे पालीच्या अभ्यासात जुन्या पाठकांविषयी वाचताना, ऐकणे ही बोलण्याहून कठीण विद्या आहे असे पुष्कळदा समोर आले. तेव्हाही मला तुमची आठवण झाली नाही, ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

गाण्याकडे तुम्हाला गुरुजींनी वळवले. ते मूळचे मुरबाडचे, काही वर्षे कसाऱ्याच्या शाळेत बदलीवर होते आणि आपल्या शेजारच्या खोलीत पेटी घेऊन बसत. तुम्हाला रागांची नावे त्यांनी शिकवली. पण नावे कळण्याच्या आधीपासून तुम्हाला स्वरांतला फरक कळत होता, असे ते नेहमी सांगत. "याला मी पेटीवर दोन गंधार दाबून दाखवले, तर हा म्हणतो, गुरुजी, तुमची तिसरी पट्टी सैल झालीय," असे म्हणून ते हसायचे. आणि पट्टी खरोखरच सैल निघाली होती.

मुलतानी हा दुपार कलल्यावरचा राग. रात्रपाळी करून आल्यावर तुम्ही सकाळी झोपत असा आणि तीनच्या सुमारास उठून चहा घेऊन टेपजवळ बसत असा, म्हणून त्या रागाची वेळ आणि तुमची वेळ जुळली, एवढेच त्याचे कारण असावे. आई भाकरीचे पीठ मळता मळता आतून म्हणायची, "रातभर चाकांना ठोकलं, आता कानांना ठोका." तुम्ही म्हणायचा, "तू पन ऐक गो, पैसं नाय पडत." ती म्हणायची, "ऐकते तर. ती बाई एकच ओळ अर्धा तास बोलते. मी एकच गोष्ट दोनदा सांगितली तर तुमाला राग येतो."

ती बाई म्हणजे आपली ती गायिका. तिचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तुम्हीही ते क्वचित घेत असा, नुसते 'बाई' म्हणत असा. तिने गायिलेली मुलतानीतली एकच विलंबित बंदिश तुमच्याजवळ तीन वेळची होती. पहिली रेडिओवरच्या दुपारच्या सभेतली, तिच्या ऐन उमेदीतली. ती तुम्ही शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर टेपचा माइक धरून उतरवली होती. दुसरी गुरुजींच्या तबकडीवरून घेतलेली, तिच्या मधल्या वयातली, स्वच्छ पण आखूड. तिसरी कल्याणच्या एका शाळेच्या सभागृहातली, जिथे तुम्ही स्वतः गेला होता आणि टेपच्या आतल्या मोटरचा आवाज येऊ नये म्हणून तो टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेऊन बसला होता. बाई तेव्हा सत्तरीच्या पुढे होती. सुरू होण्याआधी तुम्ही परवानगी मागायला गेलात तो प्रसंग तुम्ही मला इतक्यांदा सांगितला आहे की मी तिथे नव्हतो हे विसरायला होते. बाई तंबोरा लावते आहे. तिने विचारले, "कुठून आलात?" तुम्ही म्हणालात, "कसाऱ्याहून." ती म्हणाली, "परतीला गाडी आहे ना? घ्या मग. पण आता काय घेता, पंधरा वर्षांपूर्वी यायचं." तुम्ही म्हणालात, "तवाचं पन हाय माझ्याकडं. आताचं बी पायजे." त्यावर ती हसली आणि शिष्येला म्हणाली, "याला पुढे बसव."

मी एम. ए. होऊन कसाऱ्याहूनच ये-जा करीत शहापूरच्या शाळेत लागलो तेव्हा माझ्या डोक्यात पाठभेदांचे शास्त्र होते. एकाच ग्रंथाच्या पाच-सात हस्तलिखित प्रती शेजारी ठेवायच्या, ओळीमागून ओळ ताडून पाहायची, लेखनिकांच्या चुका वेगळ्या काढायच्या आणि मूळ पाठाच्या जितके जवळ जाता येईल तितके जायचे, हे काम मला त्या काळी सर्व कामांत श्रेष्ठ वाटे. तुमच्या तीन कॅसेट पाहून मला वाटले, हे तर तयार उदाहरण आहे. मी एक लांबट वही घेतली, तिच्यात तीन स्तंभ आखले आणि कॅसेटवरच्या तुमच्या अक्षरातल्या 'मुलतानी १', 'मुलतानी २', 'मुलतानी शेवटली' या चिठ्ठ्यांवर अ, ब, क अशा नव्या चिठ्ठ्या डकवल्या. तुम्हाला त्याचे कौतुकच वाटत होते. पाळीवरून आलात की विचारायचा, "कुठवर आला रे तुझा तपास?"

पहिल्या प्रतीत अकराव्या मिनिटाला इंजिनाची शिट्टी आहे. मी अ स्तंभात त्या जागी 'प्रक्षेप' अशी नोंद केली आणि तुम्हाला समजावून सांगितले की, मूळ ग्रंथात नसलेले आणि मागाहून घुसलेले जे काही असते त्याला प्रक्षेप म्हणतात. तुम्ही ती जागा पुन्हा लावली, ऐकलीत आणि म्हणालात, "परक्षेप कसला, ती नाशिककडची मालगाडी. त्या दिवशी लेट होती." आई आतून हसली. मला ते आवडले नव्हते.

शास्त्राच्या आधारे माझा निर्णय लवकर झाला. अ ही उत्तम प्रत, ब तिची संक्षिप्त पण शुद्ध आवृत्ती, आणि क भ्रष्ट. क मध्ये षड्ज लागायलाच वेळ लागत होता, सुरुवातीला खोकला होता, सूर दोन पट्ट्या खाली घेतला होता, आणि मुलतानीचा कोमल गंधार, जो तीव्र मध्यमाला टेकून हलकेच आंदोलन घेतो, तो इथे थरथरत होता. मी तुम्हाला हे सर्व वहीतून वाचून दाखवले. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. मग म्हणालात, "तू म्हनतोस त्यातलं सगळं बरोबर हाय. पन एक सांगू का? चाकाचं दोन परकार असतात खराबीचं. एक तडा, एक झीज. तडा असंल तर चाक काढायचं, गाडी सोडायची नाय. झिजलेलं चाक येगळं वाजतं, पन धड वाजतं. नवीन मानूस लागला की तो झिजलेल्या चाकाला बी तडा म्हनतो. मला पन पयल्या वर्षी तसंच झालं, सायबानं चार शिव्या घातल्या."

मी म्हणालो, "आबा, चाक आणि गाणं यांत फरक आहे."

"आसंल," तुम्ही म्हणालात. "तू शिकलेला. पन पुरी ऐकून मंग लिव."

त्या वर्षी डोळखांबच्या अलीकडच्या आपल्या मूळ गावात विहाराचे उद्घाटन होते. धर्मांतराच्या वेळी ज्यांनी तुमच्याबरोबर दीक्षा घेतली त्यांतली पुष्कळ माणसे तेव्हा हयात होती आणि गावात आपले स्वतःचे विहार व्हावे ही त्यांची जन्माची इच्छा होती. भन्ते येणार होते, रक्षणासाठी म्हणायचे परित्त पाठ होणार होते, आणि ते ध्वनिमुद्रित करून विहारात ठेवायचे काम माझ्याकडे दिले होते. मी एक कोरी कॅसेट आणून ठेवली होती. आदल्या दिवशी चाचणी घेताना तिची फीत टेपमध्ये गुंतून तुटली. शहापूरच्या बाजारात त्या दिवशी दुकाने बंद होती. सकाळी निघताना मी कपाटातून क उचलली.

तुम्ही कॅसेटच्या पाठीवरची ती छोटी प्लास्टिकची खुंटी तोडून ठेवत असा. ती तोडली की टेप त्यावर काही भरू देत नाही, चुकूनही नाही. म्हणून याला चूक म्हणता येत नाही. मी त्या भोकावर चिकटपट्टी लावली. विहारात भन्ते पाठ म्हणत होते, समोर पांढऱ्या वस्त्रांतली माणसे हात जोडून बसली होती, आणि मी ध्वनिमुद्रणाची दोन बटणे एकदम दाबली. मला तेव्हा काही विशेष वाटले नाही. बुद्धवचनासाठी एका भ्रष्ट प्रतीची जागा घेतली, एवढाच विचार मनात होता, आणि तो मला उदात्तसुद्धा वाटला.

दोन दिवसांनी मी तुम्हाला सांगितले. तुम्ही कामावरून नुकते आला होता, हातोडी कोपऱ्यात टेकवून पाय धुवत होता. तुम्ही टॉवेलाने पाय पुसले, मग विचारले, "पाठ चांगला आला का?"

"चांगला आला."

"आनि ती... पुसायच्या आदी पुरी ऐकली होतीस ना रे? दोनी बाजू?"

मी म्हणालो, "ऐकली होती."

"मंग बरं," तुम्ही म्हणालात. "तू तिनी ऐकून ठरवलंस, मंग काय."

आबा, मी ती पहिल्या बाजूची सात-आठ मिनिटे ऐकली होती. खोकला, षड्ज, तो गंधार, एवढे झाल्यावर मी टेप बंद केला होता, कारण निर्णयाला तेवढे पुरेसे वाटले. वहीत मात्र क चा स्तंभ शेवटपर्यंत भरलेला आहे. 'तानांत दमसास नाही', 'अंतऱ्यात शब्द पुसट', 'द्रुत लयीत कुचंबणा' असे शेरे मी अनुमानाने लिहिले होते. मी रोज सकाळी पंचशील ग्रहण करतो, तेव्हाही करीत होतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. आणि बुद्धाच्या उपदेशांची, म्हणजे सुत्तांची, घडणच अशी आहे की सांगणारा पहिल्याच वाक्यात आपण हे प्रत्यक्ष ऐकले असल्याची ग्वाही देतो, मग पुढचे बोलतो. ती ग्वाही मी हजारो वेळा उच्चारली असेल, मुलांना तिचे महत्त्व फळ्यावर लिहून समजावले असेल. ज्या एका ठिकाणी ती माझ्याकडे खरोखर मागितली गेली, तिथे मी खोटी दिली.

याहून अवघड भाग असा की तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात, आणि तो सर्वांना सांगत फिरलात. पाळीवरच्या माणसांना, गुरुजींना, आपल्याकडे आलेल्या पाहुण्यांना. "माज्या पोरानं तिनी ऐकून, लिवून ठरवलं, कंची राखायची." मी तिथे बसलेला असे. चेहऱ्यावर मी नम्रता ठेवीत असे, आणि ती दिसायला नम्रतेसारखीच दिसे.

परित्ताची ती कॅसेट विहारात पुष्कळ वर्षे चालली. पाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांनी, ज्यांना अक्षर येत नव्हते, ती ऐकून ऐकून पाठ मुखोद्गत केला. म्हणजे त्या कर्मातून कुशलही निपजले, हे नाकारता येत नाही. पण एका कर्माच्या चांगल्या फळाने दुसऱ्याचे वाईट फळ फिटत नाही. दोन्ही आपापल्या जागी पिकतात, असे मी शिकलो आहे आणि शिकवले आहे. गुरुजी एकदा सहज म्हणाले होते की टेप जुना असला तर पुसलेला आवाज पुरता जात नाही, खाली पातळ राहातो. त्यानंतर कित्येक पौर्णिमांना भन्त्यांच्या दोन गाथांमधल्या विरामात मी कान देऊन बसलो आहे. लोकांना वाटे मी ध्यानात आहे. त्या विरामात फक्त फितीची सरसर होती.

आता गुरुजींच्या मुलीविषयी. ती परिचारिका होती, निवृत्त झाली, मुरबाडचे जुने घर पाडून नवे बांधते आहे. माळ्यावर तिला वडिलांच्या कॅसेटचा खोका मिळाला, तो तिने ठाण्याला नेऊन फोनवर ऐकता येईल असा करून आणला. येताना ती मूळ कॅसेटही घेऊन आली होती. पाठीवर गुरुजींच्या अक्षरात 'मुलतानी, कसाऱ्याच्या मित्राकडून उतरवली' असे आहे. मी ती हातात घेऊन बसलो.

"दादा, तुम्हाला कॉफी नको का?" ती म्हणाली. "गार झाली."

मी म्हणालो, "ही प्रत तुमच्याकडे होती हे मला माहीत नव्हतं."

"म्हणजे काय? तुमचे आबा यायचे ना हीच ऐकायला. महिन्या-दीड महिन्यातून एकदा. रिटायर होऊन तुमच्याकडे राहायला आले तरी एसटीनं शहापूरहून यायचे. मी चहा करायचे, ते म्हणायचे, बाय, साखर टाकलीस का आठवन काढलीस फकस्त?"

मला वाटत होते तुम्ही मुरबाडला सुक्या मासळीसाठी जात होता. तुम्ही दर वेळी पिशवी भरून आणीत असा.

"मासळी परतताना घ्यायचे," ती म्हणाली. "आमचे बाबा त्यांना म्हणायचे, अहो, कॉपी करून देतो, घरी न्या, निवांत ऐका. तर म्हणायचे, नको गुरुजी. घरात परत आली तर पोराला वाटंल, मी त्याचं ऐकलं नाय."

माझी पत्नी दारात उभी होती. ती म्हणाली, "ऐकलंत का?" मी म्हणालो, "ऐकलं." तिला ही वही, ती चिकटपट्टी, यातले काहीच ठाऊक नाही. गुरुजींची मुलगी परत गेल्यावर पत्नीने दोन-तीनदा विचारले, मी सांगितले नाही. त्यानंतरचे दिवस मी फोन समोर ठेवून बसतो आणि ती जाता-येता म्हणते, "पाठ चाललाय की फोनची पूजा?"

मी ती का लावीत नाही, याचा विचार केला. जर ती खरोखर भ्रष्ट निघाली, तर माझा निर्णय न ऐकताच बरोबर होता असे ठरेल, आणि मग माझ्याकडे फक्त खोटे बोलल्याचा दोष उरेल. जर ती तशी निघाली नाही, तर तुम्हाला उतारवयात एसटीने मुरबाडला जायला लावून मी जे घरातून काढले, ते काय होते हे मला कळेल. यांपैकी कशाला मी अधिक भितो, हे मला ठरवता येत नव्हते. उद्या दुपारी तीन वाजता लावीन.

वरचे काल लिहिले. आज लावली.

तुमच्या रीतीने करायचे ठरवले होते. चहा घेतला, वही काढली, पेन मात्र टोपण लावून बाजूला ठेवले. आधी अ पूर्ण ऐकली, शिट्टीसह. मग क. तुमचा आवाज त्यात असेल अशी मला धास्ती होती, कारण टेप तुमच्या मांडीवर होता. तो नाही. एकदा टॉवेल सरकल्याची खसखस आहे, आणि कोणीतरी कोणाला तरी "खिडकी" म्हणते. पहिली सात-आठ मिनिटे माझ्या आठवणीतल्यासारखीच आहेत. त्यापुढे मी प्रथमच ऐकत होतो.

बाईला तिथे तान पुरी करता येत नाही. अ मध्ये जिथे ती मंद्र निषादापासून उठून थेट वरच्या षड्जापर्यंत एका श्वासात जाते, तिथे क मध्ये ती वरच्या निषादापर्यंत पोचते आणि थांबते. पुढचा षड्ज शिष्या घेते, कधी तीही घेत नाही, नुसता तंबोरा राहातो. पूर्वी मी या जागेला 'लोप' लिहिले असते. आज मी तुम्ही सांगितल्याप्रमाणे थांबल्यानंतर मागे काय राहाते ते ऐकण्याचा प्रयत्न केला. षड्ज तिथे होता. कोणी म्हटलेला नव्हता.

दुसरी गोष्ट समेची. अ मध्ये मुखडा घेऊन ती समेवर बरोबर येते, बोट ठेवावे तशी. क मध्ये ती दर वेळी किंचित मागाहून येते. पहिल्यांदा मला ती म्हातारपणाची ढिलाई वाटली. मग मी आवर्तने मोजू लागलो. प्रत्येक वेळी ती तितकीच मागाहून येते, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. पाठचिकित्सेत आम्ही एवढे तरी शिकलो होतो की लेखनिकाची चूक कुठे असते, कुठे नसते. जी सर्वत्र एकाच मापाने येते ती चूक नसते, तो पाठ असतो. ती थकून उशिरा येत नव्हती, तिने तो उशीर ठरवला होता. तुमच्या भाषेत ती झीज होती.

पण सर्व झीज नाही, हेही मला लिहिले पाहिजे. अंतऱ्याच्या शेवटी एके ठिकाणी गंधार खरोखर फाटतो, आणि तिला ते कळते, कारण ती ती ओळ अर्ध्यावर सोडते. तिथे तडा आहे. तुम्हालाही तो ऐकू आला असणार. तुमच्या कानातून तो सुटला असेल हे शक्य नाही. तरी तुम्ही हे चाक काढले नाही.

आणखी एक सांगायचे. दुसऱ्या बाजूवर मधे मला डुलकी लागली. पत्नीने हलवून उठवले, म्हणाली, "अहो, गाणं संपून कधीचं गप झालंय." मी सुरुवातीपासून पुन्हा लावले. ती म्हणाली, "परत? सगळं?" मी म्हणालो, "सगळं." ती खुर्ची ओढून बसली आणि शेवटपर्यंत बसली. मग मी तिला वही दाखवली आणि जे घडले ते सांगितले. तिने क चा स्तंभ वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाली, "अक्षर मात्र तुमचं तेव्हा फार सुंदर होतं." एवढेच. मी आठव्या मिनिटाखालचे सर्व शेरे एका रेघेने खोडले आहेत. मूळ वाचता येईल अशा बेताने खोडले, कारण चुकीचा पाठही नष्ट करायचा नसतो, तो तळटिपेत राहू द्यायचा असतो. नवे शेरे लिहिले नाहीत. हे कागद त्याच वहीत ठेवतो आहे.

पाय पुसता पुसता तुम्ही विचारले होते, दोन्ही बाजू ऐकल्यास ना. ऐकल्या, आबा. तुम्हाला मुरबाडपर्यंत नेणारे त्यात जे होते, ते मला थोडे कळले, पुरते कळले नाही. आणि अ आणि क दोन्ही प्रती शेजारी ठेवून ऐकल्यावरही मला पहिलीच अधिक आवडते.